आत्ता कितवा नंबर चालू आहे?

"डॉक्टर किती वाजता येतात?" या प्रश्नाला आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत एकच उत्तर मिळतं: "येतीलच इतक्यात. बसा तुम्ही." बाहेरच्या पाटीवर 'सायंकाळी 6 ते 9' असं ठसठशीत रंगवलेलं असतं. ते सहा म्हणजे पेशंटने येऊन बसायची वेळ. डॉक्टर खुर्चीत कधी बसणार ते कुठेच लिहिलेलं नसतं. कंपाउंडरला विचारावं तर त्यालाही ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी सांगायची मुभा नसते. सांगितलं तर माणसं उठून जातील, दुसरा दवाखाना गाठतील, अशी भीती असते.

डॉक्टर आज नक्की किती वाजता बसणार आणि आत्ता कितवा नंबर चालू आहे, या दोन गोष्टी प्रत्येक दवाखान्याने न विचारता सांगायला हव्यात. अपॉइंटमेंटचं अ‍ॅप, ऑनलाइन बुकिंग, टोकनचं यंत्र या सगळ्या पुढच्या गोष्टी. या दोन गोष्टी न सांगता आणलेलं कुठलंही यंत्र जुनाच गोंधळ पडद्यावर दाखवतं. आणि त्या सांगण्यात रुग्णावर उपकार नाहीत. फी किती ते सांगण्याइतकंच ते साधं कर्तव्य आहे.

नंबर लावायच्या आपल्याकडच्या तऱ्हा तरी किती! कुठे दाराबाहेर वही टांगलेली असते आणि तिला दोरीने पेन बांधलेलं असतं. पहाटे फिरायला निघालेला शेजारी चार घरांची नावं लिहून येतो. कुठे फायली, पिशव्या, चपला ओळीने मांडलेल्या असतात, माणसं समोरच्या टपरीवर चहा घेत असतात. कुठे प्लास्टिकचे बिल्ले. कुठे 'नंबर फक्त फोनवर, सकाळी आठ ते साडेआठ', आणि आठ वाजता लावलेला फोन साडेआठपर्यंत एंगेज. तालुक्याच्या गावी आणखी एक प्रकार असतो. शहरातले तज्ज्ञ 'दर बुधवारी' येतात. त्या बुधवारचे नंबर आठवडाभर आधी औषधाच्या दुकानात लिहून घेतात, आणि तज्ज्ञांची गाडी घाटात अडकली की पन्नासेक माणसं संध्याकाळच्या शेवटच्या एसटीकडे डोळे लावून बसतात.

या पद्धतींना हसायचं कारण नाही. यातल्या कित्येक पद्धती लोकांनीच, कुणी न सांगता, बऱ्यापैकी न्यायाने चालवलेल्या आहेत. चपलांच्या रांगेत कुणी दुसऱ्याची चप्पल मागे सरकवत नाही. खरी अडचण पुढे येते. नंबर मिळतो, पण तो कधी येणार ते कळत नाही. मग सत्तावीस नंबरवालाही पहिल्या नंबरवाल्याइतकाच लवकर येऊन बसतो. न जाणो, मधले दहा जण आलेच नाहीत आणि आपला पुकारा होऊन गेला तर?

जरा हिशेब मांडून पाहू. समजा, संध्याकाळी चाळीस पेशंट आहेत आणि एकेकाला सरासरी सहा मिनिटं लागतात. सगळे सहाला येऊन बसले तर पहिल्याला थांबावं लागत नाही, दुसऱ्याला सहा मिनिटं, तिसऱ्याला बारा, आणि चाळिसाव्याला जवळजवळ चार तास. सगळ्यांचं थांबणं एकत्र केलं तर 4,680 मिनिटं होतात, म्हणजे 78 तास. एका दवाखान्यात, एका संध्याकाळी. आता डॉक्टर अर्धा तास उशिरा आले असं धरा. त्यात आणखी 20 तासांची भर. डॉक्टरांचा अर्धा तास गेला. समोरच्यांचे वीस गेले. हा वीस तासांचा खर्च कुणाच्याच वहीत चढत नाही, म्हणून तो फुकट वाटतो.

बाहेरच्या रुग्णांच्या या रांगेचा अभ्यास संख्याशास्त्रज्ञांनी फार पूर्वी करून ठेवलेला आहे. नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने 1952 साली रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगांवर निबंध लिहिला. डॉक्टर क्षणभरही रिकामा बसू नये या एकाच काळजीपोटी रुग्णांना तासन्‌तास ताटकळवलं जातं, असं त्याचं निदान होतं. उपाय साधा होता. सुरुवातीला दोघांना एकदम बोलवा आणि पुढच्या प्रत्येकाला सरासरी तपासणीला जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने. डॉक्टर जवळपास कधीच रिकामा राहत नाही आणि रांग आवाक्यात राहते. एक अट मात्र आहे, डॉक्टरने स्वतः वेळेवर बसलं पाहिजे. सत्तर वर्षांहून जास्त काळ हे ज्ञान उपलब्ध आहे, त्याला संगणक लागत नाही, वही-पेन्सिल पुरते. तरी आपण 'बसा तुम्ही'वरच आहोत.

या ताटकळण्याची झळ सगळ्यांना सारखी लागत नाही. पगारी माणूस हाफ डे टाकतो. दुकानदार गल्ल्यावर भावाला बसवतो. रोजावर जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. लहान गावातल्या डॉक्टरची फी साधारण त्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. म्हणजे तिच्या दृष्टीने खरी फी दुप्पट झाली, आणि वरची अर्धी डॉक्टरलाही मिळाली नाही. सोबत सासू असेल तर तिचाही दिवस गेला. अशा माणसांचा दवाखान्यात जाण्याचा निर्णय मग दुखणं अंगावर काढण्याकडे झुकतो, आणि आपण त्याला अडाणीपणा म्हणतो. शिवाय तापाने फणफणलेली माणसं, खोकणारे म्हातारे आणि लसीसाठी आणलेली दीड महिन्याची बाळं एकाच बारा-बाय-दहाच्या खोलीत दोन तास कोंबणं, हे वैद्यकशास्त्र शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली घडतं याचं मला नेहमी नवल वाटतं.

डॉक्टरांची बाजू आहे, आणि ती लटकी नाही. लहान गावातला डॉक्टर बहुधा नुसता दवाखाना चालवत नाही. वरच्या मजल्यावर दहा-बारा खाटा असतात, त्यात एखादी बाळंतीण अडलेली असते, कुणाला सलाईन चालू असतं. सात वाजता अपघाताची केस आली तर सातचा पेशंट कसा बघणार? पेशंटही काही कमी नसतात. एका नंबरावर घरातली तिघं आत येतात. "जाता जाता हिचा पण बीपी बघा" हे वाक्य ऐकलं नाही असा डॉक्टर महाराष्ट्रात सापडायचा नाही. "फक्त रिपोर्ट दाखवायचाय, एकच मिनिट" म्हणणाऱ्याला पंधरा मिनिटं लागतात. फोनवर तीन ठिकाणी नंबर लावून जिथे आधी लागेल तिथे जाणारे आहेत, आणि उरलेल्या दोन ठिकाणी कळवण्याची तसदी ते घेत नाहीत.

म्हणूनच 'प्रत्येकाला ठरलेली वेळ द्या' ही शहरी मागणी मला सरसकट मान्य नाही. दातांच्या डॉक्टरकडे, फिजिओथेरपीत, त्वचारोगतज्ज्ञाकडे वेळ देणं जमतं, कारण तिथे काम किती वेळ चालणार ते बरंचसं आधी कळतं. तापाच्या दिवसांत फॅमिली डॉक्टरकडे ते जमत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये डेंगी-मलेरियाची लाट आली की 7.10 ची वेळ ही एक थापच होते. शिवाय वेळ ठरवून येणं ज्याच्या हातात आहे त्यालाच ती पद्धत सोयीची. ज्याचं येणं एसटीवर, शेतातल्या पाण्याच्या पाळीवर किंवा शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर अवलंबून आहे, त्याला 7.10 चुकली की दिवसच गेला. नंबर राहू द्यावा. नंबर ही चांगली, सगळ्यांना कळणारी, भांडण मिटवणारी पद्धत आहे. फक्त तो चालता-बोलता हवा: चालू नंबर 14, डॉक्टर 6.40 ला बसले, मध्ये एक तातडीची केस, वीस मिनिटं थांबलंय. एवढं कळलं की सत्तावीस नंबरवाला घरी भाकरी खाऊन निवांत येतो.

हे कळवायला खर्च किती? बाहेर एक पांढरा फळा. किंवा दवाखान्याच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, दर पाच नंबरांनी बदललेलं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी, फोन केला तर उचलून नंबर सांगणं. उचलणाऱ्याला दहा सेकंद लागतात. काही डॉक्टर हे करतातही, आणि त्यांच्याकडची गर्दी ओसरलेली नाही. फक्त ती एकाच वेळी एकाच खोलीत नसते.

सरकारने या बाबतीत काही केलंच नाही असं नाही. मोठ्या रुग्णालयांची ऑनलाइन नोंदणी 2015 पासून सुरू आहे. आभा हे सरकारी डिजिटल आरोग्य खातं काढून ओपीडीच्या दारातला क्यूआर कोड स्कॅन केला की टोकन मिळतं, ही 'स्कॅन अँड शेअर' सोय 2022 च्या ऑक्टोबरात आली. पण हे टोकन असतं केसपेपरच्या खिडकीचं. खिडकीवरचा अर्धा तास वाचतो, हे चांगलंच आहे. पुढे डॉक्टरच्या दारापाशी तीच रांग, तेच बाकडं, तीच ढकलाढकली. कुठे किती टोकनं निघाली हे मोजता येतं, म्हणून ते मोजलं जातं. केसपेपर हातात पडल्यापासून डॉक्टरने नाडी बघेपर्यंत किती वेळ गेला, ते कुणी मोजत असल्याचं दिसत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले. उत्तम झालं. पण मोफत उपचारासाठी दिवसाचा रोज बुडत असेल तर तो पुरता मोफत नाही.

आणि मोबाइलवरच सगळं टाकलं की काय होतं ते 2021 च्या मे महिन्यात आपण पाहिलेलं आहे. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना कोरोनाची लस हवी तर कोविन या सरकारी अ‍ॅपवर वेळ घेतल्याशिवाय मिळायची नाही. लशी थोड्या, बोटं कोट्यवधी. स्लॉट उघडले की काही सेकंदांत संपायचे. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट होतं, स्लॉट उघडल्याची खबर देणारे टेलिग्रामचे गट होते, त्यांना ते मिळायचे. मग मुंबई-पुण्याची मंडळी गाड्या काढून आजूबाजूच्या ग्रामीण केंद्रांवर लस घ्यायला गेली, आणि त्या गावातली माणसं आपल्याच आरोग्य केंद्राच्या दारात उभी राहून शहरातल्यांच्या गाड्या बघत बसली. त्या अ‍ॅपची भाषाही सुरुवातीला इंग्रजी होती. 24 मेला सरकारी केंद्रांवर थेट येणाऱ्यांची नोंदणी करायला परवानगी मिळाली, आणि महिनाअखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवरून केंद्राला खडसावलं. शहरवाल्यांनी कायदा मोडला नव्हता, नियमाप्रमाणेच नंबर लावला होता. नियमच असा होता की ज्याच्या हातात चांगला फोन त्याच्या दंडात सुई.

एवढा ताजा अनुभव गाठीशी असताना 'यापुढे नंबर फक्त अ‍ॅपवर' अशा पाट्या दवाखान्यांच्या दारात दिसायला लागल्या आहेत. सत्तरीच्या आजोबांनी ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे मुलाने बजावून ठेवलेलं; काउंटरवरची मुलगी म्हणते, "आजोबा, ओटीपी सांगा." नंबरांपैकी निदान अर्धे दारात येणाऱ्यांसाठी आणि फोन करणाऱ्यांसाठी ठेवले पाहिजेत. अ‍ॅपने उरलेल्यांची खुशाल सोय करावी.

अ‍ॅप नको आणि मोजमाप मात्र हवं, असं म्हणतानाही जपून म्हणायला हवं. इंग्लंडात सरकारी यंत्रणेने फॅमिली डॉक्टरांना लक्ष्य दिलं होतं: रुग्णाला 48 तासांच्या आत भेट मिळाली पाहिजे. काही दवाखान्यांनी त्यावर नामी युक्ती काढली. त्यांनी 48 तासांच्या पलीकडची वेळ देणंच बंद केलं. पुढच्या आठवड्यात या असं डॉक्टरनेच सांगितलेल्या रुग्णालाही 'आज नाही, त्या दिवशी सकाळी फोन करा' हे उत्तर. 2005 च्या निवडणुकीच्या तोंडावर बीबीसीवरच्या कार्यक्रमात एका बाईने पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनाच ते नवं होतं. कागदावर लक्ष्य पूर्ण, आणि देशभर सकाळी आठला फोनवर झुंबड. ती झुंबड पुढे वीस वर्षं मिटली नाही. ऑनलाइन विनंती दिवसभर स्वीकारली पाहिजे असा नियम तिथल्या दवाखान्यांना 2025 च्या ऑक्टोबरपासून लागू करावा लागला. आपल्या 'सकाळी आठ ते साडेआठ' वाल्यांचं दुखणं तेच आहे. अर्ध्या तासाची खिडकी ठेवली की मागणी कमी होत नाही. ती फक्त फोनच्या रिंगमध्ये दिसेनाशी होते.

आता नाजूक भाग. नंबर मोडतो कोण? नगरसेवकाचा माणूस, डॉक्टरांच्या वर्गमित्राची मेहुणी, बॅग घेऊन उभे असलेले औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. प्रतिनिधींचं मला विशेष काही म्हणायचं नाही, ते बिचारे स्वतःच तास-दोन तास उभे असतात. त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवली की प्रश्न सुटतो. ओळखीच्या माणसांचं काय करायचं ते डॉक्टरनेच ठरवावं, कारण चिठ्ठी आत नेणाऱ्या कंपाउंडरला नाही म्हणण्याचा अधिकार नसतो. मला सगळ्यात खटकते ती 'अर्जंट' फी. नेहमीची तीनशे, लगेच बघायचं तर सहाशे. शिर्डीला पैसे भरून दर्शनाचा पास मिळतो, तो निदान देव सगळ्यांना सारखाच दिसेल या भरवशावर. दवाखान्यात मागे ढकलला जातो तो खरा आजारी असू शकतो. तातडी ही दुखण्याची असते. जिथे ती खिशाची होते तिथे छातीत कळ आलेला, पण तीनशेच रुपये आणलेला माणूस एकोणिसाव्या नंबरावर बसून राहतो.

आणि तो तसा बसू नये हे बघायचं कुणी? काउंटरवर बसलेल्या मुलीने. आपल्याकडच्या आरोग्यव्यवस्थेत रोज सर्वांत जास्त निवडी करणारी व्यक्ती तीच असावी. कोण आधी, कोण नंतर, कुणाला 'उद्या या', कुणाला 'थेट सिव्हिलला न्या', हे ती ठरवते, आणि या कामाचं तिला एक दिवसाचंही शिक्षण मिळालेलं नसतं. पगार जेमतेम, शिव्या मात्र डॉक्टरांच्या वाट्याच्याही तिलाच. कुणाला रांग सोडून आत न्यायचं याची यादी डॉक्टरने एकदा लिहून तिच्या टेबलाच्या काचेखाली ठेवावी: छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं किंवा हात-पाय लुळा पडणं, फिट येणं, गरोदर बाईला रक्तस्राव, सुस्त पडलेलं तान्हं मूल, सर्पदंश. यादी भिंतीवरही लावावी, म्हणजे रांगेतल्या बाकीच्यांनाही कळतं की हा पुढे का गेला, आणि कुरबुर होत नाही. याच मुलीला आणखी एक गोष्ट शिकवायला हवी, भरल्या खोलीत मोठ्याने "काय होतंय तुम्हाला?" असं न विचारण्याची. या प्रश्नाला बायका 'अशक्तपणा' असं उत्तर देतात, आणि खरं दुखणं आतही सांगायचं राहून जातं.

हे सगळं डॉक्टरांच्या चांगुलपणावर सोडायचं का? सध्या तसंच सोडलेलं आहे. दवाखान्यांच्या नोंदणीचा केंद्राचा 2010 चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपला 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी. 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं आलं तेही त्यांनाच. एका खोलीच्या, एका डॉक्टरच्या दवाखान्याला वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेखेरीज विचारणारं फारसं कुणी नाही. मात्र त्या 2002 च्या आचारसंहितेत डॉक्टरने आपली फी दवाखान्यात फलकावर स्पष्ट लिहिली पाहिजे असं कलम आहे. ते किती जण पाळतात हा वेगळा विषय, पण तत्त्व मान्य झालेलं आहे: रुग्णाला काय खर्च येणार ते त्याला आत जाण्याआधी कळलं पाहिजे. मग वेळ हाही खर्चच आहे, तोही आधी सांगायचा नियम हवा.

अशा नियमाने डॉक्टर खटल्यांत अडकतील, आधीच हल्ले होतात, त्यात हे नवं निमित्त, अशी शंका काही डॉक्टर मित्र काढतात. मला उलट वाटतं. दवाखान्यातली पुष्कळशी भांडणं उपचाराआधीच, बाकड्यावर, कुणी काही न सांगितल्यामुळे शिजतात. 'सिझेरियन चालू आहे, डॉक्टर आठला येतील' असं फळ्यावर लिहिलेलं असेल तर आठपर्यंत कुणी आवाज चढवत नाही. निम्मे घरी जाऊन येतात. उशीर झाला म्हणून दंड करा असं कुणी म्हणत नाही. उशीर सांगा, एवढंच.

2002 ची आचारसंहिता बदलण्याचा घाट 2023 च्या ऑगस्टमध्ये घातला गेला होता. नवे नियम निघाले आणि महिना संपायच्या आत स्थगित झाले, जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून वादळ उठलं म्हणून. म्हणजे ते नियम केव्हा ना केव्हा पुन्हा लिहिले जाणार आहेत. फीच्या फलकाच्या कलमाखाली तेव्हा आणखी दोन ओळी घालता येतील: त्या दिवशी डॉक्टर बसण्याची वेळ आणि चालू नंबर दर्शनी भागात, रुग्णांना वाचता येईल अशा भाषेत लावावा, आणि पैसे घेऊन कुणालाही रांगेत पुढे घेऊ नये. तोवर आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या तालुका शाखांना आणि जनरल प्रॅक्टिशनर्सच्या संघटनांना हे आपापल्या गावात सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही.